‘कितलामा दिधा?’ : सिनेमात विकल्या गेलेल्या माणसावर अहिराणी प्रहसन लिहितोय, दुसरा अंक अडलाय

पांझराकाठ

राम राम मंडळी.

मी धुळ्याचा. दिवसा दुकान, संध्याकाळी तालीम, असं पंधरा-सोळा वर्षं चालू आहे. आमचा हौशी गट आहे, राज्य नाट्य स्पर्धेत तीनदा उतरलोय. आजवर सगळी नाटकं प्रमाण मराठीत केली. या वेळी पहिल्यांदाच पूर्ण दोन अंकी नाटक अहिराणीत लिहायला घेतलंय. प्रहसन आहे. लोकांनी पोट धरून हसावं अशी माझी इच्छा आहे, कारण हा विषय रडका केला की आपली माणसं मान हलवतात आणि विसरून जातात.

गोष्ट अशी. नाना नावाचा पोऱ्या. बाप बैलबाजारात दलाली करतो. नाना आखाजीच्या सणाला, कानबाईच्या उत्सवात रात्री सोंगं काढतो. त्याच्या तोंडी अहिराणी अशी खेळते की म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसतात. त्याला सिनेमा लिहायचाय, म्हणून तो मुंबईला जातो. तिथे त्याची गोष्ट कुणाला नको असते. त्याची बोली तेवढी हवी असते, आणि तीही नोकराच्या तोंडी, दोन मिनिटं हशा पिकवायला. मग नाना एकेक वस्तू देत जातो. गोष्टीतलं गावाचं नाव जातं, मग बापाचा धंदा, मग आईची ओवी. दर वेळी पैसे थोडे वाढतात.

पहिला अंक जमलाय. पडदा उघडतो तो बैलबाजारात. आपल्याकडे जुने दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. बाजूला उभ्या माणसाला आकडा कळत नाही. बाप नानाला ही बोटं शिकवतो, त्यात भरपूर गंमत आहे. बाजारातून परतणाऱ्याला सगळे एकच विचारतात, “बैल कितलामा दिधा?”, म्हणजे कितीला दिला. तेच नाटकाचं नाव. दुसऱ्या अंकात निर्मात्याच्या एसी ऑफिसात तोच रुमाल येतो. निर्मात्याचा हात आणि नानाचा हात रुमालाखाली. किंमत प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्या वाचनाला या जागेवर पोरं खुर्चीवरून पडायची बाकी होती.

अडलंय ते याच्या पुढे. नाना विकला गेला तो नेमका कधी? मुंबईला गेला म्हणून विकला गेला, असं मला म्हणायचं नाही. पैसे घेतले म्हणून, असंही नाही. मग ती रेघ कुठे आहे? मी चार शेवट लिहिले आणि चारही फाडले. ही रेघ मला सापडली नाही तर नाटक नुसत्या चुटक्यांची माळ होईल. तुमच्यापैकी कुणी नाटक-सिनेमात असेल, कुणी जवळून पाहिलं असेल, तर मोकळेपणानं लिहा.

रावेरची_नवती

भो, पहिलं एक सांगतो, राग मानू नका. ‘विकणं’ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरताय. आम्ही केळीवाले. घड कापला की तो विकायचाच असतो, घरात ठेवला तर चार दिवसांत काळा पडतो. भाव पडला म्हणून केळी फेकून दिलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. माल विकला जात नाही तेव्हा काय होतं ते ज्यानं पाहिलंय, तो विकणाऱ्याला नावं ठेवत नाही.

नानाकडे कला आहे. ती त्यानं विकली. बरं केलं.

स्मिता पाटीलचं घराणं आपल्या शिरपूरचं. गुजरातमधल्या ५ लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून जो ‘मंथन’ काढला १९७६ साली, त्यात ती होती. आणि १९८२ च्या ‘नमक हलाल’मध्ये पावसातल्या गाण्यात पण तीच होती. तिला कुणी विकली गेली म्हणेल का? दोन्ही कामं तिचीच.

मला भीती वेगळीच वाटते. आपल्या भागात पोरगं म्हणालं की मला सिनेमात जायचंय, तर घरातले आधीच त्याच्यावर तुटून पडतात. तुमचं नाटक पाहून एखादा बाप म्हणायला नको, “पाय, मुंबईले गयं का असं व्हस.” मोठं व्हायची इच्छा धरणाऱ्या पोराची टिंगल करणारं नाटक खान्देशाला नको आहे. आपल्याकडे मोठं स्वप्न बघणारी पोरं आधीच थोडी.

गिरणाकाठची

मी चाळीसगाव तालुक्यात शिक्षिका आहे. पांझराकाठ दादा, विषय वाचून बरं वाटलं आणि एका गोष्टीनं टोचलं.

बरं यासाठी वाटलं की आमच्या वर्गातली मुलं अहिराणी बोलायला लाजतात. शाळेत कुणी ‘काय करी राहिना’ म्हटलं की बाकीची हसतात. ही हसायची सवय त्यांना कुठून लागली? आईबापांकडून नाही लागली, आईबाप तर तीच भाषा बोलतात. टीव्हीवर लागली. मालिकेत अशी बोली बोलणारा माणूस एकतर भांडी घासतो, नाहीतर दारू पितो, नाहीतर शहरातल्या सुनेला त्रास देतो. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, अहिराणी धरून, १८ लाखांवर लोकांची नोंद आहे. एवढ्यांच्यात डॉक्टर नाहीत, वकील नाहीत, प्रेमात पडलेली माणसं नाहीत असं कसं होईल?

आणि टोचलं ते असं, की तुमच्या गोष्टीत आई फक्त ‘ओवी’पुरती आहे. बापाकडून नाना सौदा शिकतो, ते ठीक. पण जी भाषा तो मुंबईत विकतो ती त्याला बापानं बाजारात दिली का? ती त्याला जात्यावर, चुलीपुढे मिळाली. दुसऱ्या अंकात आईला बोलू द्या. रडायला लावू नका. तिला प्रश्न विचारू द्या.

तापीपल्याड

वाचतोय. ताईंशी सहमत. रुमालाची कल्पना फार आवडली. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून सौदे पाहिलेत.

जुना_प्रोजेक्टर

मंडळी, मी भुसावळचा. आयुष्य टॉकीजच्या केबिनमध्ये गेलं. त्याआधी पोरवयात जत्रेतल्या तंबूत होतो. तेव्हा मशीनमध्ये कार्बनच्या दोन काड्या समोरासमोर धरून ठिणगी पाडायची आणि ती विझू न देता पूर्ण खेळ काढायचा. काडी झिजत जाते, आपण हातानं पुढे सरकवत राहायचं. एक नजर काडीवर, एक नजर पडद्यावर. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं.

या धाग्याच्या कामाची एक गोष्ट सांगतो. जत्रेत एका रात्री जास्तीचा खेळ बसवायचा तर सिनेमा छोटा करावा लागे. मालक सांगायचे, अमुक रीळ गाळ. मी गाळायचो. गाणं गेलं की तंबूत आरडाओरडा होई, पण तो दोन मिनिटांचा. एकदा मात्र मी भांडणानंतरचा सीन गाळला, ज्यात मुलगा बापाचे पाय धरतो. त्या रात्री ओरडा झाला नाही. लोक गप्प उठून गेले. सकाळी एक म्हातारा आला आणि मला म्हणाला, “तुम्ही काहीतरी काढून घेतलंय. तो पोरगा असा नव्हता.” त्यानं तो सिनेमा आधी पाहिलेला नव्हता. तरी त्याला कळलं. मला अजून तो म्हातारा आठवतो आणि वाईट वाटतं.

पांझराकाठ, तुमच्या नानाकडून वस्तू जातात तेव्हा पहिल्या काही गाण्यासारख्या जातात. ओरडा होतो, थांबतो. तुम्हाला शोधायचाय तो पाय धरण्याचा सीन.

आता थोडं जुनं. आपल्या शेजारच्या नाशिकचे दादासाहेब फाळके. घरातले दागिने गहाण टाकून माणसानं सिनेमा उभा केला. १९१८ साली पैसेवाले भागीदार घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली आणि वर्ष-दीड वर्षात भागीदारांशी बिनसलं. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिलं, ‘रंगभूमी’. त्या काळच्या नाटकधंद्यावरच टीका करणारं. विचार करा, ज्यानं देशात सिनेमा आणला तो धंद्याला कंटाळून काशीला बसून धंद्यावर नाटक लिहितो! पुढे ते त्याच कंपनीत परत आले, पण पगारावर. तुमच्या नाटकाचा मूळपुरुष तोच आहे असं मी मानतो.

आणि ‘एक होता विदूषक’ पुन्हा पाहा. १९९२ चा. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. तमाशातला सोंगाड्या सिनेमात जातो, तिथून राजकारणात. तुमचा विषय तोच. लक्ष्मीकांत बेर्डेचं त्यातलं काम पाहून मी केबिनमध्ये डोळे पुसलेत. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे आपल्या सीमेवरच्या पळसखेड्याच्या शेतकऱ्याची. लोकांनी तो पाहिजे तसा चालवला नाही. बेर्डेनं हसवावं एवढीच सवय झाली होती सगळ्यांना. नट बदलायला तयार होता, आपण नव्हतो. नाना एकटाच दोषी नसतो, त्याला तसाच मागणारे आपणही असतो. हे नाटकात आलं तर मला आनंद होईल.

मोसमपूल

काकांनी इतकं लिहिलं, मालेगाव कसं राहिलं? आमचं गाव जिल्ह्यानं नाशिकचं, पण आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणीच चालते, म्हणून हक्कानं लिहितो.

२००० साली इथल्या एका व्हिडिओ पार्लरवाल्यानं यंत्रमागावरची पोरं गोळा करून ‘शोले’ची मालेगावी नक्कल केली. डाकू घोड्यांऐवजी सायकलवर. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, उधारउसनवार करून. गावात तुडुंब चालली. शुक्रवारी माग बंद, त्यामुळे सिनेमाचा दिवस तोच. पुढे २००८ मध्ये या मंडळींवर माहितीपट झाला, तो जगभर दाखवला गेला. २०२४ ला त्यांच्या आयुष्यावर हिंदी सिनेमा झाला, टोरांटोच्या महोत्सवात पोचला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थेटरात आला.

मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ती पोरं नक्कल करत होती, पण गावाची. पाणी, वीज, खड्डे, तंबाखू हे सगळं त्या विनोदात होतं. हसणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो एकाच बाकड्यावर बसलेला. नाना मुंबईला गेल्यावर हे बाकडं सुटतं. तो तिथे बसून इथल्यांवर हसवतो, आणि हसणारे इथले नसतात. तुमची रेघ मला इथे दिसते.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रावेरची_नवती भाऊ, तुमचं पहिलं वाक्य वाचून आधी राग आला, मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं. तुमचं खरं आहे. नानाची इच्छा खोटी ठरवायची नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मोसमपूल, बाकड्याचं म्हणणं पटलं, पण रेघ ओढताना मला अजून एक गोष्ट छळते. ती सांगतो.

हे नाटक मी का लिहितोय, ते पहिल्या पोस्टमध्ये लिहायला कचरलो होतो. काही वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेसाठी मी मालिकेचे काही भाग लिहिले. संवाद. मला ‘गावरान पंच’ हवाय असं सांगितलं होतं. मी आनंदानं गेलो. दुकान भावावर सोपवलं, गोरेगावात एका मित्राच्या खोलीवर राहिलो. मला लिहायचं होतं, मोठं व्हायचं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही.

एका भागात मोलकरणीच्या दारुड्या नवऱ्याला गाणं म्हणायचं होतं. वेळ नव्हता, रात्रीत पानं द्यायची होती. मी आजीची एक ओवी घातली. माझ्या आईची आई जात्यावर म्हणायची ती. भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची ओवी आहे. सेटवर ती दारूच्या बाटलीची वाट पाहणाऱ्याची झाली, एक शब्द बदलून. तो शब्द मीच बदलून दिला.

तो भाग लागला तेव्हा मी घरी आलो होतो. सगळे टीव्हीपुढे बसलेले, कारण माझं लिखाण. ओवी सुरू झाली. आईनं पहिल्या दोन शब्दांत ओळखली. तिचे ओठ हलायला लागले, ती सोबत म्हणायला लागली. मग तो बदललेला शब्द आला आणि मागून हशा वाजला. आई उठून ओट्याकडे गेली. मला काही बोलली नाही. आजतागायत बोलली नाही. माझं नावही त्या भागाला नव्हतं, पण त्याचं दुःख मला फारसं झालं नाही. नाव असतं तर जास्त वाईट वाटलं असतं.

म्हणून विचारतोय की रेघ कुठे आहे. मी ती ओलांडलीय. पण कधी, ते मला शब्दांत सांगता येत नाही.

गिरणाकाठची

दादा, वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. हे लिहिलंत ते धीराचं काम आहे. आईशी बोला. नाटकाआधी बोला.

शहाद्याची_शाई

मी मूळ शहाद्याचा, मुंबईत सहाय्यक लेखक आहे. या धंद्यातले करार रोज वाचतो, म्हणून करारातून काही सुचतं का ते सांगतो. आणि तुमच्यापैकी कुणाचं पोरगं इकडे येणार असेल तर त्यालाही हे वाचायला द्या.

पहिलं, लेखकाचं सगळं एका सहीत जात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे करारात लिहिलं नसेल तर कायदा ५ वर्षंच धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात तसं वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, सिनेमात वापरलेलं लिखाण किंवा संगीत चित्रपटगृहाबाहेर इतरत्र वाजलं-वापरलं गेलं तर त्याच्या रॉयल्टीतला वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देता येत नाही, सही केली तरी. आणि कलम ५७ : लिखाण विकल्यावरही ‘हे माझं आहे’ म्हणायचा हक्क आणि त्याची मोडतोड करून माझी अब्रू घालवली तर दाद मागायचा हक्क लेखकाकडेच राहतो. पगारी नोकरीत लिहिलं असेल तर मालकी बहुधा मालकाची होते, ते लक्षात ठेवा. मुंबईला यायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या आणि आपली गोष्ट तिथे नोंदवा. हे सगळं माहीत नसल्यामुळे आपली पोरं पहिल्याच कागदावर मान तुकवतात.

आता तुमच्या रेघेबद्दल. जवळपास प्रत्येक करारात एक कलम असतं. लेखक हमी देतो की हे लिखाण संपूर्णपणे माझं स्वतःचं आहे, दुसऱ्या कुणाचं यात काही नाही, आणि कुणी दावा केला तर नुकसानभरपाई मी देईन. सगळे हे न वाचता सही करतात.

दादा, तुम्ही आजीची ओवी दिलीत तेव्हा तिच्याखाली हीच हमी होती. ‘हे संपूर्णपणे माझं आहे.’ तुमचं श्रम, तुमची रात्र, तुमची अक्कल विकणं याला मी विकलं जाणं म्हणत नाही. तो रोजगार आहे, रावेरचे भाऊ म्हणतात तसा. पण जी गोष्ट तुमच्या एकट्याची नव्हती ती ‘माझी एकट्याची’ म्हणून लिहून देणं, ते वेगळं आहे. माझ्या मते नाना त्या सहीला विकला जातो. रुमालाखाली नाही. उजेडात, पेनानं.

रावेरची_नवती

शाईभाऊ, हे मात्र पटलं. आमच्या भाषेत सांगायचं तर नानानं आपल्या बागेतला घड विकला तोवर ठीक होतं. बांधावरचं झाड विकायला गेला तिथे चुकला. बांधावरचं झाड दोन्ही शेतांचं असतं, त्यावरून आपल्याकडे डोकी फुटतात.

पण मग ओवी सिनेमात जाऊच नये का? १९६१ च्या ‘मानिनी’त बहिणाबाईंच्या कविता गाणी होऊन आल्या. आसोद्याची लेक, जळगावची सून, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. त्या १९५१ ला गेल्या, पुढच्या वर्षी पुस्तक निघालं आणि दहा वर्षांत पडद्यावर. आमच्या आजीला त्याचा कोण अभिमान होता. तिथे काय वेगळं होतं?

शहाद्याची_शाई

नाव. आणि शब्द. दोन्ही बहिणाबाईंचे राहिले. संसारावर बोलणारी बाई पडद्यावरही संसारावरच बोलत होती.

सातपुड्याची_वाट

मी धडगाव भागातला. घरात पावरी ही आदिवासी बोली बोलतो. खूप दिवस हा धागा वाचतोय, आता लिहितो.

अहिराणीला नोकराच्या तोंडी घातलं याचं तुम्हाला दुःख आहे, ते योग्य आहे. पण मी एक सांगतो. खान्देशातली गाण्याचे व्हिडिओ करणारी मंडळी तोरणमाळला शूटिंगला येतात. आमच्या पोरींना पानांचे घागरे घालून मागे नाचायला उभं करतात. आमच्याकडे कुणी पानं घालत नाही. काठी गावच्या होळीला रात्रभर आमची माणसं ढोल घेऊन, मोरपिसांचे टोप घालून नाचतात. ते नवसाचं असतं, नवस घेणारा कितीतरी दिवस पाळणूक करतो. तिथे आता कॅमेरे इतके येतात की नाचणाऱ्याला वर्तुळ पूर्ण करता येत नाही. मग तो व्हिडिओ कुणाच्या तरी नावावर चढतो, त्यावर विनोदी आवाज लावून.

मुंबईवाले नानाला जे करतात ते नाना आमच्याबरोबर करतो. धुळ्याचे लोक ते करतात, शहाद्याचे करतात. तुमच्या नाटकात ही जागा असेल तर मी माझ्या चार मित्रांना घेऊन बघायला येईन. नसेल तर ते नाटक मला अर्धं वाटेल.

पांझराकाठ

दादा, हे मला आधी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, माफ करा. पहिल्या अंकात नाना गावात सोंग काढतो, त्यात एक सोंग मी पानांच्या घागऱ्यातल्या आदिवासीचं लिहिलं होतं. वाचनाला सगळ्यात मोठा हशा तिथेच आला होता. आता ते सोंग पहिल्या अंकात राहील, पण दुसऱ्या अंकात निर्माता नानालाच तो घागरा घालायला लावेल. सोबत शब्दही तेच, जे नानानं गावात वापरले होते. त्या प्रसंगात तुमच्याकडची बोली लागेल तिथे मी अंदाजानं लिहिणार नाही. तुम्ही सांगाल तर लिहीन, नाहीतर ती जागा मुकी ठेवीन.

सातपुड्याची_वाट

सांगेन. आधी पानं पाठवा.

पांझराकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय.

गिरणाकाठच्या ताईंनी सांगितलं म्हणून आईशी बोललो. रात्री ती शेंगा फोडत बसली होती, मी समोर बसून फोडायला लागलो आणि ओवीचं काढलं. ती बराच वेळ फोडत राहिली. मग जे बोलली ते मी जवळजवळ जसंच्या तसं नाटकात घेतलंय. तिला विचारून घेतलंय. नाटकाच्या जाहिरातीत ‘ओव्या’ म्हणून आजीचं आणि आईचं नाव जाईल.

प्रसंग असा. नाना सही करून, खिसा भरून घरी आलाय. बाप विचारतो, “कितलामा दिधा?” आणि रुमाल पुढे करतो. नाना रुमालाखाली हात घालतो, बाप आकडा ऐकून खूश होतो, गल्लीत सांगायला धावतो. तोवर विनोद जोरात. मग आई येते. (खान्देशाबाहेरच्यांसाठी : ‘इकणं’ म्हणजे विकणं, ‘पायना’ म्हणजे पाळणा.)

आई : काय इकीसन उना रे भाऊ?

नाना : काहीच नही इकं वं माय. नुसतं बोलनू.

आई : मंग पैसा कशाना शेतस?

नाना : तुन्ही ती ओवी नही का, ती दिधी.

आई : तुले कोनी दिधी व्हती ती?

नाना : तूच ना वं माय. मी पायनामा व्हतू तवय.

आई : हा. पन ती मी गावाले दिधी व्हती, इकाले नही.

यानंतर आई रुमाल उचलून घडी घालते आणि फडताळात ठेवते. तिथे अंक संपत नाही, पुढे अजून तीन पानं आहेत. नाना करार परत मागायला मुंबईला जातो आणि तिथे शाईभाऊंनी सांगितलेली कलमं तो निर्मात्याला अहिराणीत वाचून दाखवतो. तो प्रसंग मी पूर्ण विनोदी ठेवलाय. निर्मात्याला एक अक्षर कळत नाही, आणि या वेळी न कळणारा तो आहे.

मोसमपूल

“गावाले”! गायला पण आणि गावाला पण. आईंना माझा नमस्कार सांगा.

जुना_प्रोजेक्टर

तो पाय धरण्याचा सीन सापडला तुम्हाला. गाळू नका, कुणीही सांगितलं तरी.

गिरणाकाठची

डोळे भरून आले. एक बारीक दुरुस्ती. आमच्या गिरणा पट्ट्यात ‘तवय’ म्हणत नाहीत, ‘तव्हय’ म्हणतात. ‘बोलनू’ पण आमच्याकडे थोडं वेगळं पडतं. पण तुमचा नाना पांझरेचा असेल तर त्याचंच ठेवा. सगळ्यांना चालेल अशी मधली अहिराणी मात्र करू नका.

रावेरची_नवती

आमच्याकडे तर लेवा बोली, निम्मं तसंही वेगळं. तरी सगळं समजलं. नाना शेवटी पुन्हा लिहितो ना? एवढंच विचारायचंय.

पांझराकाठ

लिहितो भाऊ. मुंबईतच राहून लिहितो. परतीची गाडी मी काढून टाकली, ती तुमच्यामुळे.

संहिता रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाकडे पाठवलीय, प्रमाणपत्र आलं की तारीख ठरेल. पहिला प्रयोग धुळ्यात, दुसरा शहाद्यात करायचा विचार आहे, म्हणजे धडगावहून येणाऱ्यांना जवळ पडेल. एक अडचण राहिलीय. दलालाचा जुना, वापरलेला मोठा रुमाल हवाय. दुकानातला नवा रुमाल प्रकाशात चकाकतो आणि खोटा दिसतो.

तापीपल्याड

आजोबांचा आहे. सारंगखेड्याच्या कितीतरी बाजारांत फिरलाय. धुतलेला नाही. येत्या रविवारी धुळ्याला येतोय, घेऊन येतो. प्रयोगानंतर परत लागेल.